मोजक्या कानांसाठी

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटमा हे गाव लागते. इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव ठाऊक आहे ते तेथे सापडलेल्या एका ताम्रपटामुळे. परमार राजा भोजदेव याने विक्रम संवत् १०७६ मध्ये, म्हणजे इसवी सन १०२० मध्ये, कोंकणविजयाच्या पर्वानिमित्त एका विद्वान ब्राह्मणाला गाव इनाम दिले आणि त्याची सनद तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दिली. ही सनद काही चौकाचौकांत वाचण्यासाठी काढलेली नव्हती. ज्याला गाव मिळाले तो, त्या गावचे रहिवासी आणि पुढे येणारे राजे, एवढ्यांनाच तिच्याशी कर्तव्य होते. तरीही ती एक हजार वर्षे टिकली. याला कारणे दोन. एक तर तांबे सहजासहजी नष्ट होत नाही. आणि दुसरे असे की, ही वस्तू जपून ठेवली पाहिजे असे कोणा एका घराला मनापासून वाटत होते.

ध्वनीच्या वाट्याला हे भाग्य फार उशिरा आले. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्याच्या आधी गवयाचा आवाज त्याच्याबरोबरच जाई. त्यानंतरही जे टिकले, ते बहुतांशी बाजारात खपणारे तेवढेच. जे गाणे किंवा जे वादन ऐकणारे तीनशेच असतात, ते कोणी टिकवावे, कोणाच्या पैशाने टिकवावे आणि कशासाठी टिकवावे, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला. छोट्या, स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-संस्थांचे सारे जीवन या एका प्रश्नाभोवती फिरत असते.

तबकडीच्या मध्यभागी जो गोल कागद चिकटवलेला असतो, त्याला इंग्रजीत ‘लेबल’ म्हणतात. त्यावर गाण्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव आणि काढणाऱ्या कंपनीचे चिन्ह छापलेले असते. पुढे त्या कागदावरून ती कंपनीच ‘लेबल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. कागदाचा आकार मोठ्या कंपनीचा आणि छोट्या कंपनीचा सारखाच. व्यवहार मात्र अगदी निराळा. मोठी कंपनी दहा ध्वनिमुद्रिका काढते, त्यांतील दोन भरपूर खपतात आणि उरलेल्या आठांचा तोटा त्या भरून काढतात. छोट्या संस्थेजवळ असा आधार नसतो. तिची प्रत्येक तबकडी स्वतःच्या पायावर उभी राहावी लागते. त्यातही ती प्रयोगशील संगीताची असेल, म्हणजे ज्यात रूढ चाल नाही, ओळखीचे वाद्य नाही, कधी तर सूरही नेहमीच्या अर्थाने सूर नाही, तर तिला गिऱ्हाईक आधी शोधावे लागते आणि मग घडवावेही लागते.

हा व्यवहार आकड्यांत मांडला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. समजा, एका ध्वनिमुद्रिकेच्या तयारीला, म्हणजे ध्वनिमुद्रण, संस्करण, छपाईचा साचा आणि वेष्टनाचे चित्र यांना मिळून साठ हजार रुपये लागले आणि नंतर प्रत्येक प्रत छापण्यास चारशे रुपये पडले. तीन हजार प्रती काढल्या तर तयारीच्या खर्चाचे दर प्रतीवर वीसच रुपये पडतात आणि एक प्रत चारशे वीस रुपयांना तयार होते. तीनशेच प्रती काढल्या तर त्याच खर्चाचे दोनशे रुपये पडतात आणि प्रत सहाशेला जाते. दुकानदाराचे अडत आणि टपालखर्च यांवर निराळे. म्हणजे ज्या संगीताला ऐकणारे थोडे, त्याच्याच श्रोत्याला जास्त किंमत द्यावी लागते. छोट्या संस्थेची अडचण नफ्यापाशी सुरू होत नाही. ती या पहिल्या साठ हजारांपाशी सुरू होते. त्यामुळे ध्वनिमुद्रणाचे तंत्र बदलून हा पहिला खर्च जेव्हा जेव्हा खाली आला, तेव्हा तेव्हा छोट्या संस्थांचे पीक आले, असे इतिहासात दिसते.

भारतात ध्वनिमुद्रणाचा आरंभ मोठ्या कंपनीनेच झाला. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गेसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यास आला. गौहरजान हिचे गाणे त्याने त्याच वेळी ध्वनिमुद्रित केले. त्या काळी मेणाच्या जाड तबकडीवर आवाज कोरला जाई, त्या मेणावर विजेच्या साह्याने तांब्याचा थर चढवीत आणि त्या तांब्यापासून छपाईचा साचा तयार होई. भोजाचा लेख तांब्यावर होता. गौहरजानच्या आवाजाची वाटही तांब्यातूनच गेली. सुरुवातीला हे साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि तबकड्या तेथून जहाजाने येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला. एवढा खटाटोप परवडण्यास मोठे भांडवल हवे होते. म्हणून पुढील कित्येक दशके या धंद्यावर मुख्यतः एकाच कंपनीची सत्ता राहिली. काय ध्वनिमुद्रित व्हावे आणि काय होऊ नये, हे तिच्या कचेरीत ठरे. गाणे साडेतीन मिनिटांत संपले पाहिजे, हा नियम तबकडीच्या आकाराने घातला. पण कोणी गावे, हा नियम विक्रीच्या वहीने घातला.

या सत्तेला मुंबईतून एक उत्तर मिळाले. १९३५ मध्ये ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली आणि तिने वडाळ्याच्या कारखान्यातून ‘यंग इंडिया’ या नावाच्या तबकड्या काढण्यास प्रारंभ केला. नावातच स्वदेशीचा उच्चार होता. मोठ्या कंपनीचे दार ज्यांना उघडले नाही अशा नवख्या आणि हौशी गायकांना तेथे प्रवेश मिळाला. सुमारे वीस वर्षे ही कंपनी चालली आणि मग बंद पडली. मागे राहिलेल्या तिच्या तबकड्या आज संग्राहक शोधीत फिरतात. कारण त्यांतील कित्येक आवाज दुसरीकडे कोठेही टिकलेले नाहीत. कंपनी बुडाली तरी तिने काढलेला नग बुडत नाही, हा या धंद्यातील पहिला दिलासा. मात्र कंपनीबरोबर तिचे साचे, करार आणि नोंदी नाहीशा झाल्या की, उरलेला नग मुका होतो. कोण गायले, केव्हा गायले, साथीला कोण होते, हे सांगणारा कोणी राहत नाही. हा या धंद्यातील पहिला धोका.

यानंतरचा मोठा बदल ध्वनिफितीने, म्हणजे कॅसेटने घडविला. १९८० च्या दशकाच्या आरंभी फीत आणि ती वाजविणारे यंत्र ही दोन्ही स्वस्त झाली. साच्याची आणि कारखान्याची गरज संपली. एक मूळ फीत आणि दोन-चार नकलयंत्रे असली की, एखाद्या जिल्ह्याच्या गावीसुद्धा कंपनी उभी राहू लागली. पाहता पाहता देशात अशा शेकडो कंपन्या निघाल्या आणि जुन्या एकसत्तेचा अंत झाला. पुण्यातील अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गायनाच्या आणि पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या फिती घराघरांत नेल्या. इकडे माळव्यात, गावोगावच्या मंडळींत रात्र रात्र चालणारी कबीराची भजने फितीवर आली. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया हे व्यवसायाने शिक्षक. तंबोऱ्यावर कबीर गाणाऱ्या या गृहस्थांचा आवाज प्रथम दूरवर गेला तो अशा फितींवरून. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एखाद्या मोठ्या कंपनीच्या कचेरीत माळवी बोलीतील निर्गुण भजनाला किती गिऱ्हाईक आहे, हा प्रश्न विचारला गेला असता, तर उत्तर काय मिळाले असते हे सांगावयास नको.

पण फितीने जी सोय छोट्या कंपनीला दिली, तीच चोरट्या नकलकाराला दिली. मूळ फितीची नक्कल करून ती निम्म्या किमतीत विकणारे बाजारात उभे राहिले. ज्याने पहिला खर्च सोसला त्याच्या हाती काही न येता, ज्याने तो सोसला नाही त्याचे दुकान चालले. त्याशिवाय फीत फार टिकाऊही नसते. दमट हवेत तिला बुरशी येते, तिच्यावरील चुंबकीय लेप सुटतो आणि आवाज पुसट होत जातो. तबकडीपेक्षा तिचे मरण लवकर ओढवते.

येथपर्यंतची उदाहरणे परिचित संगीताची झाली. अपरिचित, प्रयोगशील संगीताची कहाणी याहून कठीण आहे. तिची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत आणि दोन्ही आपल्याकडचीच आहेत.

पहिले मुंबईचे. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजविणारे कुशल वादक. १९८२ मध्ये त्यांनी तीन जपानी विद्युत्-वाद्ये घेऊन भैरवी, मालकंस, ललित, भूपाळी, तोडी, यमन असे दहा राग नृत्याच्या एकसुरी ठेक्यावर वाजविले. त्यातील एक वाद्य मंद्र सुरांचे होते, एक तालाचे. ही तबकडी मोठ्या कंपनीनेच काढली. परंतु ती फारशी खपली नाही आणि कंपनीने तिचा पाठपुरावाही केला नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतील शिकागो शहरात काही तरुणांनी त्याच मंद्र-वाद्यातून एक नवे नृत्यसंगीत निर्माण केले आणि ते जगभर गाजले. मुंबईची तबकडी मात्र जुन्या बाजारात धूळ खात पडली होती. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली. त्याने आपल्या छोट्याशा संस्थेतर्फे २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा कोठे सत्तरीच्या घरात आलेल्या या वादकाला जगभरातून निमंत्रणे येऊ लागली. २०१५ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. मोठ्या कंपनीने तबकडी छापली होती, हे खरे. पण छापणे म्हणजे सांभाळणे नव्हे, एवढे या कथेतून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण अहमदाबादचे. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग नावाचे विद्युत्-संगीतयंत्र बसवून एक ध्वनिकक्ष उभारला. या उपक्रमामागे गीता साराभाई होत्या. पखवाजासारखे पुरुषांचे मानले गेलेले वाद्य शिकलेल्या या विदुषीने १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या प्रयोगशील संगीतकाराला भारतीय संगीताचे पाठ दिले होते. अहमदाबादच्या त्या कक्षात गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत अनेक रचना केल्या. त्या त्या वेळी कोणीही प्रसिद्ध केल्या नाहीत. फिती संस्थेच्या दप्तरखान्यात तशाच पडून राहिल्या. २०१७ मध्ये पॉल परगस या ब्रिटिश कलावंताच्या त्या हाती आल्या आणि २०२३ मध्ये लंडनच्या एका स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-संस्थेने त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध केल्या. रचना झाल्या तेव्हापासून त्या लोकांच्या कानी पडेपर्यंत अर्धे शतक उलटून गेले होते.

या दोन्ही कथांत शेवट गोड आहे, म्हणून समाधान मानणे सोपे आहे. पण दोन गोष्टी मनाला टोचतात. पहिली म्हणजे, या दोन्ही वेळी हात पुढे आला तो परदेशातील छोट्या संस्थेचा. मुंबईत आणि अहमदाबादेत संगीत झाले, फिती आणि तबकड्याही येथेच राहिल्या. त्यांची किंमत मात्र परक्या कानांनी ओळखली. दुसरी म्हणजे, कलावंताच्या उमेदीच्या काळात त्याला श्रोता मिळाला नाही. आपण केले ते कोणीतरी ऐकले आणि समजून घेतले, एवढ्या आधारावर माणूस पुढची रचना करतो. तो आधार वेळेवर मिळाला असता तर या मंडळींनी आणखी काय काय केले असते, याचा हिशेब कोणत्याही पुनर्मुद्रणाने भरून निघत नाही. छोट्या संस्थेचे खरे काम आहे ते हे. तीनशे प्रती खपविणे हे त्याचे बाह्य रूप झाले. कलावंत हयात आणि कार्यरत असताना त्याला तीनशे जाणते श्रोते मिळवून देणे, हे त्याचे अंतरंग.

माळव्याला ही गोष्ट नवी वाटू नये. १९४८ च्या आरंभी कुमार गंधर्व क्षयाची व्यथा घेऊन देवासला राहावयास आले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी पडली ती माळव्यातील बायाबापड्यांची लोकगीते. त्या धुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात आपल्या बंदिशी प्रसिद्ध केल्या. त्यांचे गाणे हे त्या काळी प्रयोगच होते आणि परंपरेच्या अभिमान्यांनी त्यावर टीकाही पुष्कळ केली. त्यांच्यामागे उभे राहिले ते प्रथम थोडे, पण निष्ठावंत श्रोते. घराणेदार गाण्याची मोठी चाल असलेल्या या प्रदेशातच ही नवी वाट फुटली, हे विशेष.

आता कोणी असे म्हणेल की, आज या साऱ्याची गरजच काय? संगणकावर ध्वनिमुद्रण करावे, इंटरनेटवर ठेवून द्यावे. बेटम्यात केलेली रचना बर्लिनला ऐकू येते. साच्याचा खर्च नाही, गुदामाचे भाडे नाही, टपाल नाही. आक्षेप वजनदार आहे आणि पहिल्या साठ हजारांपुरता खराही आहे. परंतु दार उघडे असणे निराळे आणि दारात कोणी स्वागताला उभे असणे निराळे. जेथे रोज हजारो रचना येऊन पडतात, तेथे अमुक एक ऐका, असे नावानिशी आणि पदरचे पैसे घालून सांगणाऱ्याची गरज कमी न होता वाढते. निवड करणे, त्या निवडीची जबाबदारी घेणे आणि निवडलेले सांभाळणे, ही तीन कामे यंत्राने स्वस्त झालेली नाहीत. शिवाय इंटरनेटवर ठेवलेली वस्तू ही परक्याच्या जागेत ठेवलेली वस्तू होय. जागेच्या मालकाने दुकान बंद केले की, तीही जाते.

म्हणून ज्यांना अशी संस्था चालवावयाची आहे, त्यांनी काही पथ्ये पाळणे अगत्याचे ठरते. पहिले पथ्य लेखी कराराचे. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणून आरंभ होतो आणि मैत्री व कागद दोन्ही नसल्याने शेवट होतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंताचाही हक्क मान्य झाला आहे, आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो. तेव्हा किती प्रती, किती मुदत, खर्च निघाल्यावर उरलेल्यात कोणाचा किती वाटा आणि संस्था बंद पडली तर मूळ ध्वनिमुद्रण कोणाकडे जाईल, एवढे तरी कागदावर हवेच. यांतील शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच बहुधा लिहिले जात नाही.

दुसरे पथ्य अंथरूण पाहून पाय पसरण्याचे. पहिली आवृत्ती लहान असावी. संपली तर पुन्हा काढता येते. न खपलेल्या सातशे प्रती घराच्या माडीवर रचून ठेवणारा माणूस दुसरी ध्वनिमुद्रिका काढीत नाही. तबकडीच हवी असा हट्ट असेल, तर आता ती परदेशातूनच छापून आणावी लागते असे नाही. मुंबईत २०२४ मध्ये तबकडी छापण्याचा कारखाना पुन्हा सुरू झाला आहे. तिसरे पथ्य नोंदीचे. दिनांक, स्थळ, वाद्ये, वादक, यंत्रे आणि रचनेमागील विचार हे वेष्टनावर छापलेले असावे. प्रयोगशील संगीताला तर याची अधिकच निकड, कारण तेथे श्रोत्याला हाताशी धरण्यास राग-ताल नसतात. चौथे पथ्य जतनाचे. मूळ ध्वनिमुद्रणाच्या प्रती निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि एक प्रत एखाद्या ध्वनिसंग्रहालयाकडे द्यावी. लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीत यांच्या ध्वनिमुद्रणांचा असा एक मोठा संग्रह १९८२ मध्ये पुण्यातच सुरू झाला आणि पुढे दिल्लीकडे गेला. अशा संग्रहांचा उपयोग छोट्या संस्थांनी करून घेतला पाहिजे.

या बाबतीत न्यूयॉर्कच्या मोझेस ॲश यांचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. त्यांनी १९४८ मध्ये ‘फोकवेज’ ही संस्था काढली आणि १९८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. त्यांत लोकगीते होती, भाषणे होती, बेडकांचे आवाज होते आणि विद्युत्-संगीताचे प्रयोगही होते. त्यांचा नियम एकच. जी ध्वनिमुद्रिका एकदा काढली, ती यादीतून काढून टाकावयाची नाही, मग वर्षाला तिच्या चार प्रती खपोत. एखादे अक्षर कमी वापरले जाते म्हणून कोणी ते कोशातून गाळीत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असे. त्यांच्या पश्चात हा सारा संग्रह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने १९८७ मध्ये घेतला, तो प्रत्येक ध्वनिमुद्रिका उपलब्ध ठेवण्याची अट मान्य करूनच. प्राचीन ताम्रपटांच्या शेवटी, पुढे येणाऱ्या राजांनी हे दान पाळावे, अशी विनवणी असते. ॲश यांची अट त्याच जातीची. आज देणाऱ्यापेक्षा उद्या पाळणाऱ्यावर दान अधिक अवलंबून असते, हे भोजाच्या लेखकाला ठाऊक होते आणि न्यूयॉर्कच्या या व्यापाऱ्यालाही उमगले होते.

श्रोत्यांचाही यात वाटा आहे. तीनशे प्रतींच्या आवृत्तीत एक गिऱ्हाईक म्हणजे तीनशेवा हिस्सा. लाखोंच्या बाजारात एकट्या माणसाच्या आवडीला काही वजन नसते. येथे ते असते. पंचवीस जणांनी आगाऊ पैसे पाठविले तर साच्याच्या खर्चाचा चांगला भाग उभा राहतो. ऐकलेले सगळे आवडलेच पाहिजे असे नाही. किंबहुना, पहिल्या ऐकण्यात न आवडणे हा प्रयोगशील संगीताचा नेहमीचा अनुभव आहे. पण न आवडलेली रचना पुन्हा एकदा ऐकण्याची संधी शिल्लक राहावी, आपल्याला नाही तर पुढच्या पिढीला राहावी, एवढी दृष्टी ठेवून ज्या गावात पन्नास माणसे प्रत विकत घेतील, त्या गावात अशी संस्था चालू शकेल. त्यासाठी ते गाव मुंबई किंवा लंडन असण्याचे कारण नाही. धारच्या रस्त्यावरचे बेटमाही पुरेसे आहे.